आत कोण?

डॉक्टरने सुंदराबाईला ठणकावून सांगितलं होतं, की गोळी एखाद्या दिवशी विसरलात तर मी समजून घेईन, पण चालणं विसरलात तर माझ्याकडे येऊच नका. साखर तीनशेच्या घरात गेली होती. रोज संध्याकाळी अर्धा तास, तेवढं एकच औषध.

आता चालायला जागा शोधायची तर लांब जायची गरज नव्हती. तिच्या एकुलत्या एका मुलाने, धर्मेंद्रने, अकोल्यात ज्या नव्या इमारतीत घर घेतलं होतं, तिच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मोर्णा नदीच्या काठाचा फिरायचा रस्ता सुरू होत असे. तरी सुंदराबाई चार महिने टाळत राहिली. कधी गुडघा, कधी पाऊस, कधी टीव्हीवरची मालिका. नाचता येईना अंगण वाकडं, असं धर्मेंद्र हसून म्हणायचा. ती ऐकून घ्यायची. अंगण का वाकडं आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती.

शेवटी शालूने, तिच्या सुनेने, एक दिवस तिच्या चपला तिच्या पायाशी आणून ठेवल्या.

"चला माय, मी येते संग. मंग तर झालं?"

शालूने 'माय' म्हटलं की सुंदराबाईला नाही म्हणता येत नसे. गेली सोळा वर्षं येत नव्हतं.

ही जागा म्हणजे जुनी जिन, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. गेल्या दहा-बारा वर्षांत वऱ्हाडात कापसाचं काय झालं ते वेगळं सांगायला नको, पेपर उघडला की पहिल्या पानावर तेच असायचं. शेतं सोयाबीनकडे वळली, कापसाच्या गाड्या थांबल्या, आणि नदीकाठच्या जिनांना एकामागून एक कुलपं लागली. या जिनची कौलं आधी गेली, मग पत्रे, मग भिंती. दोन हजार आठ साल उजाडेपर्यंत अर्ध्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेल्या अर्ध्यावर हा रस्ता. लाल फरशी, लोखंडी बाकं, पिवळे दिवे. फाटकातून आत शिरायचं, नदीच्या कठड्याने सरळ जायचं, जुन्या धुराड्याला वळसा घालायचा, गाड्यांच्या वजनकाट्यावरून पुढे प्रेसजवळ यायचं आणि निंबाच्या झाडांखालून परत फाटकाशी. एक फेरी सातशे पावलांची. नदी मात्र होती तशीच राहिली, जलकुंभीने झाकलेली, आणि दिवस कलला की तिच्यावरून कुजक्या पाल्याचा एक गार वास सगळ्या रस्त्यावर पसरायचा.

प्रेस, म्हणजे रुई दाबून गाठ करायची पेटी, मुद्दाम राखली होती. जुन्या काळची आठवण म्हणून. दोन पुरुष उंचीची ती लोखंडी पेटी आता हिरव्या-पिवळ्या रंगाने रंगवली होती, वर एक छत्री उभारली होती, पुढ्यात माहितीची पाटी होती. पोरं आत शिरतील म्हणून पेटीचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलं होतं.

पहिल्या दिवशी सुंदराबाई त्या पेटीकडे न बघता पुढे गेली. दोन फेऱ्या झाल्या. साडेसहाला रखवालदाराने शिटी फुंकली. हा भगवंत, पन्नाशीचा, कानाला मफलर गुंडाळलेला भला माणूस. एकदा कोणी म्हातारा बाकावर झोपून आत अडकला होता, तेव्हापासून भगवंतने एक रीत पाडली होती. तो फाटकाच्या एका दाराला हात लावून उभा राहायचा आणि मोठ्याने हाळी द्यायचा.

"आत कोण?"

आणि बाहेर पडणारी माणसं हसत, एकापाठोपाठ एक म्हणायची, "बाहेर!" "बाहेर!"

सुंदराबाईचा तोल गेला. शालूने दंड धरला म्हणून ती पडली नाही.

"काय झालं व माय?"

"काही नाई. चक्कर आली. साखरेची."

ही हाळी तिने तेहतीस वर्षांनी ऐकली होती. भगवंतला त्यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तो तेव्हा तिकडे बार्शीटाकळीकडे ढोरं राखत असेल. पण शब्द तेच होते, आणि सूरही तोच.

तेव्हाची गोष्ट अशी. पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात सुंदराबाई चोवीस वर्षांची होती आणि याच जिनमध्ये तुडवणीच्या कामाला होती. सरकी काढलेली रुई वरून पेटीत टाकायची आणि पाच बायांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची. रुई दबली की आणखी रुई, आणखी तुडवणं. दुसरीकडे हे काम गडी करत, इथे बाया करत, कारण बाया अंगाने हलक्या आणि शिडीवरून चढउतार चपळाईने करायच्या. पेटी तोंडोतोंड भरली की बाया बाहेर, दार बंद, आणि मग यंत्राचा दट्ट्या चढायचा. खोलीभर रुईची पाहता पाहता एका पेटाऱ्याएवढी गाठ व्हायची, दगडासारखी.

दार लावण्याआधी मुकादम वामनराव हाळी द्यायचा, "आत कोण?" पाच जणींनी पाठोपाठ "बाहेर" म्हणायचं. रुईच्या धुरळ्यात हातभर अंतरावरचं माणूस दिसत नसे, म्हणून डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा. पाच वेळा 'बाहेर' ऐकलं की यंत्रावरचा अय्युब दांडा ओढायचा.

पण बाया त्या बाया. कोणाचं लेकरू निंबाखाली झोळीत रडत असलं, तर ती हळूच सटकायची, आणि तिच्या वाटचं 'बाहेर' शेजारीण म्हणून टाकायची, आवाज जरा बारीक करून. कारण काम सोडून गेलेली बाई वामनरावाला कळली, तर दुसऱ्या दिवशी तिला फाटकातूनच परत पाठवायचा. हे सगळ्याच करत. सुंदराबाईसाठी मनकर्णाने कितीदा केलं होतं. यात काही पाप असेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मनकर्णा तिची जिवाची मैत्रीण. भातकुलीकडची, बोलकी, केसांची पाच पेडांची वेणी घालायची. ती वेणी त्या वस्तीत दुसऱ्या कोणाला येत नव्हती. त्या दिवशी तिचं अंग सकाळपासून तापलं होतं. दुपारी ती म्हणाली, "पोरीले पाजून येते व, सुंदरा." सुंदराबाई म्हणाली, "जाय तू, तुह्या नावाचं मी म्हणते."

पेटी भरली. हाळी आली. चार जणींनी बाहेर म्हटलं, त्यातलं चौथं सुंदराबाईचं. मग तिने आवाज बारीक केला आणि पाचवंही म्हटलं.

दट्ट्या चढताना पेटीतून एक आवाज आला, लाकूड कुरकुरल्यासारखा. लाकूड तर रोजच कुरकुरायचं.

गाठ बांधून झाली तेव्हा सुंदराबाई निंबाखाली गेली. झोळीतली दीड वर्षाची पोर उपाशी रडून रडून निळी पडली होती. तिला कोणी पाजलंच नव्हतं. आणि प्रेसच्या मागच्या शिडीशी मनकर्णाच्या टायरच्या चपला होत्या, जोडून ठेवलेल्या, कारण पेटीत अनवाणीच उतरायचं असे. हुडहुडी भरली म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत आली असणार. धुरळ्यात कोणाच्या लक्षात न येता वरून उतरली असणार, आणि कोपऱ्यातल्या ऊबदार रुईत घटकाभर अंग टाकलं असणार.

इथवरची चूक एखाद्या देवमाणसाच्या हातूनही झाली असती. पुढचं सुंदराबाईने केलं ते समजून-उमजून केलं. तिने त्या चपला पदराखाली घेतल्या आणि मोर्णेत फेकून दिल्या. पाचवं 'बाहेर' कोण म्हणालं, हा प्रश्न उठू नये म्हणून. संध्याकाळी वामनरावच म्हणाला, की पळाली असेल कोण्या ट्रकवाल्यासंग, तिचे डोळे चंचलच होते. सुंदराबाई गप्प बसली. ती गाठ मालगाडीत चढून मुंबईकडे गेली. कुठल्या गिरणीत ती फुटली, कोणी फोडली, तिथे काय निघालं, यातलं काही अकोल्याला कधीच कळलं नाही.

ती पोर म्हणजे शालू. भातकुलीला आजीच्या घरी, 'पळून गेलेलीची पोट्टी' हे ऐकत वाढली. अठराची झाली, तरी तिला कोणी सोयरा मिळेना. तेव्हा सुंदराबाई उठून भातकुलीला गेली आणि तिला धर्मेंद्रसाठी मागून आणली. अख्खी वस्ती म्हणाली, केवढं मन या बाईचं! शालूला आयुष्यात 'माय' म्हणायला कोणी नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी सुंदराबाईला माय म्हटलं. सुंदराबाई न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली होती.

म्हणून हे तिला सांगता येत नव्हतं. सांगितलं तर तो शब्द जाणार होता.

चालणं मात्र आता सुटेना, कारण शालूला त्याची गोडी लागली होती. दिवस लहान होत चालले. आणि सुंदराबाईच्या लक्षात एकेक गोष्ट येऊ लागली. घरी येऊन लुगडं झटकलं की त्यातून रुईचे पुंजके पडायचे. पांढरे, ताजे. त्या जागेत दहा वर्षांत कापसाचं बोंड आलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने ते सावरीचं म्हणून सोडून दिलं. चौथ्या दिवशी त्यात एक सरकी निघाली.

हे बोलायचं तरी कोणाजवळ? घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. भुताखेताच्या नादी लागणाऱ्या शेजारणीला स्वतः सुंदराबाईने चारचौघांत झापलं होतं, की पोराला भगताकडे काय नेता, दवाखान्यात न्या. आता तिनेच तोंड उघडलं असतं तर धर्मेंद्र काय म्हणाला असता! तो अचलपूरला पाटबंधारे खात्यात, शनिवारी घरी यायचा. नातू अमरावतीला होस्टेलवर. घरात या दोघीच.

एका संध्याकाळी वजनकाट्याजवळच्या बाकावर तिला अय्युबभाई दिसले. तेच, यंत्रावरचे. सत्तरी उलटलेली, हातात काठी, डोळ्यांत मोतीबिंदू. शालू पुढे फेरी मारत होती. सुंदराबाई जरा अंतरावर टेकली.

"सुंदराबाई, एक बात पूछू?" ते हळू म्हणाले. "त्या रोजी पाच आवाज आले होते ना? मी गिनले होते. पाच गिनले तवाच दांडा ओढला. अल्ला गवाह आहे."

"आले होते, अय्युबभाई. तुमची काही चूक नाई."

"ती गाठ काट्यावर जड भरली होती. वामनराव बोलले, रुई ओली असन. मी बी बोललो, असन. तवापासून मी रुईच्या गादीवर नाही झोपलो. चटईवर झोपतो. बायको गेली, लेकरं मोठी झाली, अजून चटईच."

सांगून टाकायची ती वेळ होती. सुंदराबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"एक ऐकता काय? दिवा लागायच्या टाइमाला या पेटीजवळ थांबत नका जाऊ. तो भगवंत हाळी देते ना... त्याच्या मागून अजून एक हाळी येते. पेटीतून. मले ऐकू येते. मंग बायांचे आवाज येतात. चार येतात. पाचवा..." ते काठी टेकून उठले. "पाचवा अजून नाही आला. तो आला की दार लागन."

त्यानंतर अय्युबभाई तिथे पुन्हा दिसले नाहीत. मुलाकडे मूर्तिजापूरला गेले असं कोणी सांगितलं.

सुंदराबाईने ठरवलं, आता सांगून टाकायचं. धीर तिला भीतीने आला नाही. शालूनेच एक दिवस प्रेसजवळून जाताना पावलं मंद केली आणि नाक वर करून हुंगलं.

"माय, या डब्ब्याजवळ आलं की मले दुधाचा वास येते. तुमाले येते काय?"

"दुधाचा?"

"ऊन दुधाचा. तान्ह्या लेकराच्या तोंडाले येते तसा." शालू स्वतःशीच हसली. "मले लय बरं वाटते इथं. काहून कोणास ठाऊक."

त्या रात्री सुंदराबाईला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी, मार्गशीर्षातल्या त्या थंड संध्याकाळी, पहिली फेरी झाली. नदीवर पातळ धुकं उतरलं होतं. फिरणारी माणसं मोजकीच. दुसऱ्या फेरीला प्रेसजवळ येताच ती तपकिरी शाल सावरत बाकावर बसली आणि शालूचा हात धरला.

"शालू, तुह्या मायबद्दल एक सांगायचं हाय."

शालूचा हात ताठ झाला. "तिचं नाव नका काढू, माय."

"ऐक तर बाई. ती पळाली नाई..."

"मले वाईट वाटू नये म्हणून तुमी आता काही बी सांगान." शालूने हात सोडवला. "दीड वर्साचं लेकरू झोळीत टाकून गेली ती. एकडाव मागं वळून नाई पाह्यलं. मी काहून पाहू? माही माय तुमी हा. बस."

आणि ती तरातरा निंबांच्या दिशेने चालायला लागली. रागावली की ती अशीच पुढे निघून जायची आणि फाटकाशी थांबायची. सुंदराबाई बसून राहिली. माही माय तुमी हा, या चार शब्दांनी तिचं सगळं अवसान गळालं होतं.

दिवे लागले. त्यांचा पिवळा उजेड धुक्यात जिरून गेला, जमिनीपर्यंत पोचलाच नाही. मग तिला आवाज ऐकू आला. आधी वाटलं, कोणी चालतंय. पण तो पुढे सरकत नव्हता. एकाच जागी. थप... थप... थप. मऊ वस्तूवर अनवाणी पाय पडावेत तसा. तिच्या पाठीमागून, त्या झाळून बंद केलेल्या पेटीतून.

एकच बाई तुडवत होती.

सुंदराबाईला मागे बघायचं धाडस झालं नाही. हवेत रुईचा वास होता, सरकीच्या तेलाचा, आणि त्यात मिसळलेला ऊन दुधाचा. शिटी वाजली.

"आत कोण?" फाटकाशी भगवंत ओरडला.

आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी तिच्या मानेशी, जुन्या घोगऱ्या पुरुषी आवाजात... "आत कोण?"

तुडवणं थांबलं.

"बाहेर," फाटकाकडून कोणी म्हणालं. "बाहेर." "बाहेर." चौथा आवाज शालूचा होता, तो सुंदराबाईने ओळखला. ती उठली. मी आत हाय, शालू, थांब, असं ओरडायला तिने तोंड उघडलं. पण जीभ हलेना. तोंडात काहीतरी भरलं होतं, कोरडं, मऊ, गालांत दाटलेलं. तिने बोटं घातली आणि रुईचा लांब तंतू ओढून काढला. मग आणखी एक. तो संपेना.

आणि तेव्हा फाटकाकडून पाचवा आवाज आला.

"बाहेर."

आवाज सुंदराबाईचा होता. जरा बारीक केलेला, तेहतीस वर्षांपूर्वी तिने केला होता, नेमका तेवढाच.

फाटकाची दोन्ही दारं लागली. कुंपणाच्या गजांतून, दिव्याखाली, तिला शालू घराकडे जाताना दिसली. तिच्या सोबत एक बाई होती, सुंदराबाईच्या उंचीची, अंगावर सुंदराबाईची तपकिरी शाल. सुंदराबाईने आपल्या खांद्याला हात लावला. शाल नव्हती. शालूने त्या बाईचा हात धरला होता. बाईचे पाय अनवाणी होते.

रात्र तिने कशी काढली ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. पहाटे सकाळच्या फिरणाऱ्यांसाठी भगवंतने फाटक उघडलं, तेव्हा ती पेटीच्या दाराला पाठ लावून बसलेली होती, अंगभर रुई.

"जयभीम माय... तुमी?" भगवंतच्या हातातली किल्ली खाली पडली. "काल तर तुमी सुनेसंग गेल्या न? मी सोता पाह्यलं. तुमी 'बाहेर' बोलल्या, मंग मी कुलूप लावलं."

ती चालू लागली. जिना चढून वर आली. दाराशी, चपलांच्या रांगेत, टायरच्या चपलांचा एक जोड होता. जुना, ओला. पट्ट्यात जलकुंभीचं मूळ अडकलेलं. खाली फरशीवर पाणी साचलं होतं.

दार शालूने उघडलं. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा कसा शांत, लहान पोरीसारखा. तिच्या खांद्यावरून पुढे वेणी आली होती. पाच पेडांची.

"माय? तुमी कवा उठून गेल्या? मी आत्ता पाह्यलं तर अंथरूण रिकामं." तिने सुंदराबाईच्या अंगावरची रुई पाहिली, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने दोन्ही हात धरून तिला आत घेतलं. "मी काल तुमच्यावर चिडली, अन् तरी तुमी सगळं सांगितलं. बरं केलं माय. इतकी वर्सं मी तिले शिव्या देत राहिली."

"काय सांगितलं?" सुंदराबाईने विचारलं.

"सगळं. माही वेणी घालत घालत. तुमी तिच्या नावाचं 'बाहेर' म्हणल्या ते. चपलांचं बी." शालूने ओठ आवळले. "अन् आतलं. ती आधी घाबरली नाई म्हणे. वरून रुई पडत राह्यली, अंधार झाला, तरी नाई. तिले वाटलं, बाहेर सुंदरा हाय, ती सांगन आत कोण हाय ते. मंग तिले तुमचा आवाज ऐकू आला. तिच्या नावाचा. तवा तिनं हाक माराले तोंड उघडलं, तर तोंडात रुई..." शालू मध्येच थांबली. तिच्या कपाळावर हळूहळू आठी पडली.

"पण माय, तुमी तर बाहेर होत्या. हे तुमाले कसं मालूम?"

सुंदराबाईने दार आतून लोटून घेतलं. आता लपवायला उरलंच काय होतं? तिने सांगितलं. काल संध्याकाळपासून ती आतच होती, रात्रभर. घरी जी आली ती ती नव्हती. शालूने ऐकून घेतलं. ओरडली नाही, किंचाळली नाही. उठून दाराशी गेली, त्या ओल्या चपला उचलून आणल्या आणि मांडीवर घेतल्या.

"बाहेर म्हटलं त्याचं मी काही नाई म्हणत," ती म्हणाली. "ते तर तुमी तिच्यासाठीच केलं. पण ह्या काहून फेकल्या?"



शनिवारी धर्मेंद्र आला. त्याला दोघींनीही काही सांगितलं नाही. रविवारी शालूने प्रेसच्या पेटीसमोर एक मेणबत्ती लावली, हात जोडून त्रिशरण म्हटलं आणि परत आली. सुंदराबाईची गोळी ती वेळेवर द्यायची, भाकर गरम वाढायची, पाय दुखले तर तेलही लावायची. कशात कमी नव्हतं. फक्त माय म्हणणं बंद झालं होतं. 'तुमी घ्या', 'तुमी झोपा', इतकंच. सुंदराबाई त्या एका शब्दासाठी दिवसभर कान देऊन बसायची, आणि तो येत नव्हता. रोज सकाळी शालूची वेणी मात्र पाच पेडांची असायची. ती कोण घालतं ते सुंदराबाईने विचारलं नाही.

महिन्याभराने, एका दुपारी, ती आतल्या खोलीत पडली होती. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला आणि मग शालूचा.

"माय, चहा ठेवू काय?"

सुंदराबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती गुडघ्यांची पर्वा न करता उठली, भिंतीला धरत दारापर्यंत आली. ठेव बाई, म्हणायला तिने तोंड उघडलं.

"ठेव बाई," बाल्कनीतून उत्तर आलं. सुंदराबाईच्याच आवाजात.

शालू ओट्याशी उभी होती, पाठमोरी. तिने दोन कपांत चहा ओतला, बशा ठेवल्या आणि दारात उभ्या असलेल्या सुंदराबाईच्या बाजूने, तिच्याकडे न बघता, बाल्कनीत गेली. मग तिने बाल्कनीच्या दाराला पलीकडून कडी लावली.